सूचना : ब्रेकिंग बॅड बघायला घ्या, पण ग्रुपवर स्पॉयलर नको

मंडळी, चांगली क्राईम सिरीज सुचवा असं बरेच जण विचारत होते, तर माझ्याकडून एकच नाव, ब्रेकिंग बॅड. २००८ ते २०१३ मधली आहे, ५ सीझन, ६२ एपिसोड, जुनी म्हणून नाक मुरडू नका.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचा वॉल्टर व्हाईट, शाळेत केमिस्ट्री शिकवतो, वरून कार वॉशमध्ये पार्टटाईम राबतो, पन्नाशीला पोचतो न पोचतो तोच फुप्फुसाचा कॅन्सर निघतो, मग घरच्यांसाठी पैसे मागे ठेवायचे म्हणून आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याला, जेसीला, हाताशी धरून मेथ नावाचं ड्रग बनवायला लागतो. आणि साडू कुठे, तर ड्रग्जवाल्यांना पकडणाऱ्या डीईएमध्ये!

खरी मजा म्हणजे आपण आधी त्याची कीव करतो, मग बाजू घेतो, आणि हा माणूस आपल्याला नकोसा नेमका कधी झाला तेच सांगता येत नाही. वॉल्टर झालेला ब्रायन क्रॅन्स्टन त्याआधी कॉमेडी सिरीजमधला बाप म्हणून माहीत होता, या रोलसाठी त्याला ४ एमी (टीव्हीचे मोठे अमेरिकन पुरस्कार) मिळाले. (मला तरी जेसीच जास्त आवडला, भांडायचं असेल तर भांडा.)

पहिला सीझन ७ च एपिसोडचा, हॉलिवूडमध्ये लेखकांचा संप चालू होता त्यामुळे. सुरुवात जरा स्लो वाटेल, लगेच बंद करू नका, निदान तो सीझन तरी संपवा. लहान मुलांसोबत बघू नका.

आणि ज्यांचं बघून झालंय त्यांनी कृपया शेवट, कोण मरतं वगैरे इथे टाकू नये, टाकलं तर मेसेज डिलीट होईल.