वाडीतला पंप जळतो तेव्हा व्होल्टेज दोन्ही टोकांना मोजा

महोदय,

पाऊस सरून नारळ-सुपारीच्या वाड्यांचे शिंपणे सुरू झाले की रिवाइंडिंगच्या (मोटरमधली तारेची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, नव्याने भरणाऱ्या) दुकानांत जळलेल्या पंपांची रांग लागते. मोटर का जळली याचे उत्तर ठरलेले असते : लाइट कमी होती. बऱ्याचदा ते खरेही असते. पण मीटरच्या पुढची वायर आपली असते, व्होल्टेज तिच्यातही पडते, आणि ते किती पडते हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

गुहागर, दिवेआगर, नागाव इथल्या वाड्या म्हणजे समुद्राकडे गेलेल्या लांबट पट्ट्या. घर रस्त्याला, मीटर घराला आणि विहीर पार मागे. समजा हे अंतर १२० मीटर आहे. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेबात तार २४० मीटर धरायची. इथेच पहिली चूक होते. तांब्याच्या तारेचा रोध काढायला मीटरमधल्या लांबीला ०.०१७२ ने गुणायचे आणि तारेच्या चौरस मिलिमीटरने भागायचे. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरीला उत्तर येते २.७५ ओहम. ॲल्युमिनियम असेल तर ०.०१७२ च्या जागी ०.०२८.

एक एचपीचा सिंगल फेज पंप साधारण ७ अँपिअर घेतो. ७ गुणिले २.७५, म्हणजे सुमारे १९ व्होल्ट वायरीतच गेले. घरात २१५ असले तर विहिरीवर १९६ उरतात. वायरीत जळणारी वीज काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रोध : ४९ गुणिले २.७५, जवळजवळ १३५ वॉट. तीच वायर चार एमएमची घातली तर रोध १.०३ ओहमवर येतो, घट ७ व्होल्टवर आणि नुकसान ५० वॉटवर. रोज चार तास असे आठ महिने पंप चालला, तर फरक सुमारे ८० युनिटचा पडतो.

खरी कसोटी मात्र सुरू होतानाची. त्या क्षणी मोटर नेहमीच्या चार-पाच पट करंट मागते. ३० अँपिअर ओढायला गेली तर ८० व्होल्ट वायरीतच पडतात. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून २३० च्या जागी १५० व्होल्ट मिळाले तर तो निम्म्याहूनही कमी राहतो. पंप नुसता घुमत राहतो, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापते. (मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर उतरला असला तरी असेच होते. तो आधी तपासावा.)

व्होल्टेज कमी म्हणजे करंटही कमी, हा हिशेब गिझरला लागू पडतो, मोटरला नाही. २००० वॉटच्या गिझरचा रोध २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.५ ओहम. २०० व्होल्टवर तो सुमारे १५०० वॉटच देतो, पाणी उशिरा तापते, इतकेच. पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून मोटर करंट वाढवते. ७ चे साडेआठ अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता दीडपट होते. २३० भागिले ७ म्हणजे ३३ ओहम काढून वाइंडिंगवर मल्टिमीटर लावणाऱ्यांना दोन-चार ओहम दिसतात आणि मोटर शॉर्ट असल्याचा निकाल लागतो. तो चुकीचा आहे. चालत्या मोटरमध्ये करंट अडवणारा नुसता तारेचा रोध नसतो.

वायरीचा रोधही साध्या मल्टिमीटरने मोजू नये. एवढ्या लहान आकड्यात मल्टिमीटरच्या स्वतःच्या लीड्सचा (मोजायच्या तारांचा) रोध मिसळतो. पंप चालू ठेवून जाणत्या वायरमनकडून घराच्या मीटरजवळचे आणि विहिरीवरच्या स्टार्टरचे व्होल्टेज घ्यावे, पाठोपाठ. करंट मोजणारा चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती लावावा. दोन्ही तारा आत घेतल्या तर शून्य दिसते. समजा मीटरजवळ २२४, स्टार्टरवर २०१ आणि करंट ७.६ अँपिअर. २३ भागिले ७.६, म्हणजे ३.०३ ओहम. तारेचे २.७५ वजा केले की उरतात ०.२८ ओहम, आणि हे जोडांचे.

एवढ्याशा आकड्याला क्षुल्लक समजू नये. ७.६ चा वर्ग गुणिले ०.२८, म्हणजे १६ वॉट. हे सगळे एकाच जोडात असेल तर अंगठ्याएवढ्या जागेत एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता सतत निघते. टेप सोलून पाहिली तर आत तांबे हिरवे पडलेले, पीळ सैल आणि इन्सुलेशन करपून ताठ झालेले असते. खाऱ्या वाऱ्यात पिळून टेप मारलेला जोड टिकत नाही, आणि तांबे-ॲल्युमिनियमचा तर मुळीच नाही. शक्यतो वायर अखंड घ्यावी. जोड अटळच असेल तर क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) स्लीव्ह, दोन धातूंसाठी बायमेटल लग (दोन्ही धातूंचे जोडटोक), आणि वर झाकणाचा बॉक्स, जमिनीपासून उंच. पंपाजवळ स्टॅबिलायझर बसवून हे दुखणे जात नाही. तो व्होल्टेज चढवताना वायरीतून जास्त करंट ओढतो, त्यामुळे घट वाढते आणि सैल जोड आणखी तापतो.

आता वीज कंपनीकडे. पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये असायला हवा. पंप बंद असतानाही संध्याकाळी मीटरवर १९५ दिसत असतील तर दोष आपल्या वायरीचा नाही. अशा तक्रारीत नुसते ‘लाइट कमी’ लिहू नये. पोलचा नंबर, वेळ, पंप बंद आणि चालू असतानाचे मीटरवरचे व्होल्टेज आणि करंट लिहावा. बंद असताना २२६ आणि ७ अँपिअरवर २१२ असेल, तर मीटरच्या मागे २ ओहम आहेत, आणि ते शोधणे कंपनीचे काम आहे. कंपनीनेही रीडिंग ट्रान्सफॉर्मरजवळ दुपारी न घेता लाइनच्या शेवटच्या पोलवर, शिंपण्याच्या वेळेत घ्यावे. रिवाइंडिंगवाल्यांनी मोटर परत देताना तिचा करंट बिलावर लिहून द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी ताडून पाहायला आकडा हाताशी राहील.

— वीजकाम करणारे काही तंत्रज्ञ, गुहागर