तळघरातल्या गाण्याबद्दल खुलासा

न्यूयॉर्क

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण कपडे पुरेसे आहेत. वजन उतरलेलं नाही, फोटोत तसं दिसतं एवढंच.

आई, मी रात्री दारूच्या तळघरात जाऊन बसतो असं ताईने तुला सांगितलं म्हणे. ती गाणंबजावणं ऐकायची जागा आहे, व्हिलेज व्हॅनगार्ड. मॅक्स गॉर्डन नावाच्या माणसाने १९३५ मध्ये काढली. वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं त्याने (बाबा, यावर काही बोलू नका). आधी तिथे कवी कविता म्हणायचे, १९५७ पासून मुख्यतः जॅझच. १९८९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने एक रात्र बंद ठेवून लगेच क्लब उघडला आणि पुढे वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत चालवला. आता मुलगी बघते. तेव्हा जागा घरंदाज आहे. एक पेय घ्यावंच लागतं, मी जिंजर एल घेतो (आल्याच्या चवीचा सोडा, दारू नाही). परतताना ट्रेनला भरपूर माणसं असतात.

खोली त्रिकोणी, जेमतेम सव्वाशे माणसं मावतात. वादक पार्टीतून उठून आल्यासारखे माणसांतून वाट काढत येतात. वाजायला लागलं की बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. शेजारचं जोडपं कुजबुजलं तर वेट्रेसने वाकून नुसतं बघितलं, गप्प झाले. पण हेच लोक मध्येच टाळ्या वाजवतात! म्हणजे बघा, आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी. ट्रम्पेटवाल्याचं झालं की टाळ्या, आणि तोवर पियानोवाला सुरूही झालेला असतो. त्याची सुरुवात टाळ्यांतच बुडते आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. मग बासवाला (खर्जातलं मोठं तंतुवाद्य), मग ड्रमवाला, दर वेळी टाळ्या. शेवटी पुन्हा मूळ चाल. 'वा' कोणी म्हणत नाही. मिरजेत दर्ग्यात उरुसाला समेवर माना हलतात, तसं इथे काही नाही. मला अजून अंगवळणी पडलेलं नाही.

बाबा, तुमच्यासाठी एक. जॉन कोल्ट्रेन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने नोव्हेंबर १९६१ मध्ये याच खोलीत 'इंडिया' नावाची रचना रेकॉर्ड केली. खाली दोन बास आहेत, एका सुरावर केवढा वेळ थांबतात! पुढे मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, पंडित रविशंकरांवरून. लिंक पाठवतो, दादाकडून लावून घ्या. पहिली पाच मिनिटं नावं ठेवू नका.

तिकिटाचं विचारू नका. पैसे मात्र गुरुवारी टाकलेत. गच्चीची गळती नंतर, आधी बाबांचा मोतीबिंदू. पिकायची वाट बघायची पद्धत गेली आता. ऑपरेशनला मी असायला हवं होतं, कळतं मला. व्हिसाचे कागद अडकलेत, खरंच अडकलेत, दादाला विचारा.

इस्लामपूरच्या मुलीचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. पण आधी आमचं फोनवर बोलणं होऊ दे, मगच तिच्या काकांना कळव. आणि मी रात्री कुठे जातो ते तिला मीच सांगेन, ताईला सांग मध्ये पडू नकोस.

तुमचा,
नंदू