ट्रक आत्ता नको

चि. सुनीलास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही मित्रांनी पुरासाठी सदलग्याला ट्रक भरून मदतीचं सामान पाठवायचं ठरवलंय म्हणालास. पाठवा, पण आत्ता नको. कोयना धरणातून कृष्णेत पाणी सोडणं चालूच आहे. कृष्णा तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या आपल्या दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फूग धरतं. पाऊस उघडला तरी गल्लीत पाणी उभंच. त्यात यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली, 2019 ला आणि 2021 ला आली तशी, तर तुमचा ट्रक निपाणी गाठायच्या आतच अडकायचा.

जुने कपडे आणू नका. 2019 ला शाळेच्या व्हरांड्यात फाटक्या साड्यांचा ढीग पडला होता. बायका यायच्या, एखादी साडी उलटून बघायच्या आणि रिकाम्या हातानं परतायच्या. बिस्किटांची खोकी तर ठेवायला जागा नव्हती, आणि तिकडं माळावर बांधलेल्या म्हशी वैरणीवाचून हंबरत होत्या. पुरात बुडालेल्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, गाळ बसतो, जनावर त्याला तोंड लावत नाही. म्हणून कडबा आणा, पेंड आणा. म्हैस जगली तर डेअरीचं बिल हातात पडतं. आमच्याकडं घर त्यावर चालतं, मदतीच्या किटवर नाही. बायकांसाठी पॅड आणा, आणि ते वाटायला तुमच्यातली एखादी मुलगी येऊ दे.

पाणी उतरायला लागलं की माणसं पाहिजेत. गाळ ओला आहे तोवरच निघतो, वाळला की फरशीला चिकटून बसतो. फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर घेऊन या. गमबुटाशिवाय कुणी चिखलात उतरू नका. चिखल्या होतात ते निराळंच, पायाला जखम असली तर लेप्टोच्या तापाची भीती. आणि कपाटामागं, सरपणात काठी मारल्याशिवाय हात घालायचा नाही, साप असतोच.

घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, पडझडीचेही. पंचनाम्याला आलेल्या माणसाला धुतलेलं घर दाखवून काय उपयोग? आपलं गाव कर्नाटकात, म्हणून अर्ज कानडीत असतात. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाहीत. कुणीतरी सांगेल तिथं अंगठा उमटवतात. तुला कानडी येतं, तू दोन दिवस नुसता अर्ज भरत बसलास तरी पुष्कळ झालं.

जेवण बांधून आणा. नाहीतर ज्या घरी जाल तिथली बाई ओल्या चुलीवर तुमच्यासाठी चहा ठेवायला बघेल.

तुझी,
आई