पोस्टमनकाका, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

काका, समोर म्हटलं असतं तर तुम्ही "पुरे रे" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून इथे लिहितोय, चारचौघांत.

बाकीच्यांसाठी सांगतो, मी डिझाइन शिकतोय आणि प्रोजेक्ट होता की पेठांमधल्या माणसांच्या डोक्यात पुणं नेमकं कसं असतं. केविन लिंच म्हणून एका अमेरिकन प्लॅनरने बॉस्टनमधल्या लोकांना आठवणीतून शहराचा नकाशा काढायला लावला होता, १९६० मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं, रस्ते, कडा, भाग, चौक आणि खुणा यांवर माणूस शहर लक्षात ठेवतो असं त्याचं म्हणणं. तेच नारायण पेठेत करायचं, तर कागद पुढे केला की आज्या म्हणायच्या, मला नाही बाई चित्र येत, आणि दार बंद.

मग तुम्ही आलात. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या बीटवरचं, म्हणजे टपाल वाटायच्या भागातलं, दार बंद राहत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही आजींना काय विचारलंत, "समजा मी पाहुणा आहे, स्टेशनवरून आलोय, तुमच्याकडे कसा येऊ सांगा." बास! आजी जी सुटली, लक्ष्मी रोड, पत्र्या मारुती, मग जिथे आता कुरियरचं ऑफिस आहे तिथला पाडलेला वाडा (तो तर तिच्यासाठी उभाच आहे अजून), आणि जिन्याची ती पायरी, पानशेतच्या वेळी, १२ जुलै १९६१ ला, पाणी जिथपर्यंत चढलं होतं. लिंचच्या पाचांत पुराची पायरी कुठे बसवायची ते माझ्या गाइडलाही सांगता येईना.

वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारी एमपीएससीची पोरं, त्यांचं पुणं अभ्यासिका, मेस, अप्पा बळवंत चौक आणि अलका टॉकीजपाशी संपलं. नदी कोणीच काढली नाही, इतक्या जवळ असून! एकाने फक्त भिडे पूल काढला, तो पण "पाण्याखाली" असं लिहून.

पोस्टकार्डांची आयडिया मी गेव्हर आणि डन वगैरे डिझाइन संशोधकांच्या १९९९ च्या पेपरवरून उचललेली, पन्नास पैशांचं कार्ड घरी ठेवायचं, लोकांनी सुचेल तेव्हा लिहून पेटीत टाकायचं. ती परत आली ती तुम्ही येता-जाता "टाकलंत का हो?" विचारत राहिलात म्हणून, माझ्या रिसर्च मेथडचा त्यात काही हात नाही. ज्यूरीत, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्यांनी, सॅम्पल (कोणाकोणाला विचारायचं ते) कसा निवडला विचारलं तर मी सरळ सांगितलं, काकांच्या बीटप्रमाणे, आणि ते चाललं सुद्धा.

शनिवारी येतो रिपोर्ट घेऊन. तुम्ही स्वतः काढलेला नकाशा, ज्यात रस्ते नाहीतच, नुसती घरं वाटपाच्या क्रमाने, त्याची कलर झेरॉक्स आणतो. ओरिजिनल मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.