दशमांशाच्या पाच वचने आधी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत धर्म आणि पैसा या विषयावर आलेला लेख वाचला, आणि त्यावर नंतर छापून आलेले एका वाचकाचे पत्रही. लेखकाच्या मते ख्रिस्ती धर्म पैशाकडे पाप म्हणूनच पाहतो. पत्रलेखकाने थेट दुसरे टोक गाठले: देव विश्वासणाऱ्याला भरभराटीचे वचन देतो, तुम्ही द्या, तो कितीतरी पटींनी परत करील. दोघांनीही बायबलमधली वचने दिली आहेत आणि ती त्या त्या पानावर आहेतही. पण माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, आणि आता मंडळीची (चर्चची) खजिनदार म्हणून दर रविवारी दान मोजते. सोयीची एक पावती पुढे करून सगळा जमाखर्च बरोबर असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटले आहेत. म्हणून लिहायला बसले.

लेखकाच्या मुद्द्याचा निकाल लवकर लागतो. ‘पैसा हे सर्व पापांचे मूळ’ असे जे बायबलच्या नावावर खपते, ते तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले (6:10, म्हणजे 6वा अध्याय, 10वे वचन). तिथे दोष पैशाला दिलेला नाही, द्रव्यलोभाला दिला आहे. त्यापुढे सातच वचनांवर श्रीमंतांना काय बजावावे ते सांगितले आहे: गर्व करू नका, आज आहे उद्या नाही अशा धनावर भिस्त ठेवू नका, हात सैल ठेवा, वाटून द्या. म्हणजे मंडळीत श्रीमंत बसत होते आणि त्यांना उठून जा असे कोणी म्हटले नव्हते. फिलिप्पै शहरातली लुदिया जांभळ्या किमती कापडाचा व्यापार करीत होती. प्रेषित पौल तिच्या घरी उतरला. येशूच्या आणि शिष्यांच्या फिरतीचा खर्च काही स्त्रिया आपल्या पैशातून भागवीत, हे लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायात नावांसकट नोंदवले आहे. (हे वचन पुलपिटावरून फारसे ऐकू येत नाही. का, ते मी इथे लिहीत नाही.)

भरभराटीच्या मुद्द्याला मात्र जास्त वेळ द्यावा लागेल, कारण तो लोकांच्या खिशात हात घालतो. पत्रलेखकाचा मुख्य आधार मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातला, 3:10. सगळा दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही ते पाहा, असे देव तिथे म्हणतो. दान गोळा करण्याआधी मी हे वचन जितक्या वेळा ऐकले आहे तितके दुसरे कुठलेच नाही. आता त्याच अध्यायात फक्त पाच वचने मागे जा. 3:5. तिथे देव म्हणतो, मी न्याय करायला येईन आणि साक्ष द्यायला उशीर लावणार नाही. कोणाविरुद्ध? जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे. आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी बुडवणारे, विधवांना आणि अनाथांना नाडणारे, परक्याचा हक्क मारणारे. श्रोते तेच, पानही तेच. दशमांश त्यानंतर येतो. आधी मजुराचे देणे आणि मग देवाचे भांडार असा क्रम संदेष्ट्याने मुद्दाम लावला की काय, हे पंडितांनी ठरवावे. पण तीन-दहा मोठ्याने वाचायचे आणि तीन-पाच गाळायचे, हे आमच्या धंद्यात चालत नाही.

आणि तो दशमांश जायचा कुठे? जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात तो लेव्यांचा, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या लेवी वंशाचा, वाटा आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात वेगळेच चित्र दिसते: पिकाचा दहावा हिस्सा कुटुंबाने देवापुढे न्यायचा, तिथे स्वतः खाऊनपिऊन आनंद करायचा, लेव्यालाही सोडायचे नाही, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, म्हणजे वतन नसलेला लेवी, परका, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर जेवतील. आशीर्वादाचे वचन तिथेही आहे. ते या सगळ्यांची पोटे भरल्यावर येते.

पत्रलेखकाने ईयोबाला सगळे दुप्पट परत मिळाल्याचेही लिहिले आहे. मिळाले, 14,000 मेंढरे आणि 6,000 उंट, आकडे ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहेत. पण 31वा अध्याय वाचावा. सर्वस्व गमावलेला हा माणूस तिथे आपल्या जुन्या श्रीमंतीचा जाब स्वतःच देतो: दास-दासींनी माझ्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा मी त्यांचा हक्क डावलला असेन तर, माझा घास मी अनाथाला न देता एकट्यानेच खाल्ला असेन तर, मोबदला न देता जमिनीचे उत्पन्न खाल्ले असेन तर गव्हाच्या जागी काटे उगवोत. इतके कडक प्रतिज्ञापत्र मी कुणा मालकाकडून लिहून घेतलेले नाही.

मला जे म्हणायचे आहे ते यातच आहे. पैसा चांगला की वाईट, किती असावा, किती टक्के द्यावा, यात बायबल फारसे अडकत नाही. ते पुन्हा पुन्हा विचारते, की या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे आणि त्याचे काय झाले. लेखकाने आणि पत्रलेखकाने, दोघांनीही, तो दुसरा माणूसच गाळला आहे.

अनुवादाचा 24वा अध्याय उघडा. कर्जाला तारण म्हणून कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी घेऊ नये; ते त्याचा जीवच गहाण ठेवून घेण्यासारखे आहे. गहाण वस्तू आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, तो आणून देईल. गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळताना परत करावे, म्हणजे त्याला त्यात निजता येईल. शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये; सरवा वेचणाऱ्यांसाठी ती राहू द्यावी. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो.

हे शेवटचे वाचले की मला एका कंपनीची देण्यांची यादी आठवते. देणे किती दिवस थकले आहे त्याप्रमाणे यादीत रकाने पाडतात: 30 दिवसांपर्यंत, 60, 90, आणि शेवटी 180 दिवसांच्या पुढचा. पहिल्या रकान्यात मोठे पुरवठादार होते. त्यांचे पैसे वेळेवर जात, कारण त्यांनी माल अडवला तर काम ठप्प. शेवटच्या रकान्याची बेरीज अगदी किरकोळ होती, पण नावे सगळ्यांत जास्त त्यातच: रंगारी, सुतार, खुर्च्या दुरुस्त करणारा, साफसफाईची माणसे पुरवणारा. कंपनीकडे पैसा नव्हता असे मुळीच नाही. तो मुदतठेवीत होता आणि त्यावरचे व्याज उत्पन्नात दिसत होते. मी विचारले तेव्हा हिशेबनीस म्हणाला, ‘मॅडम, ते काही मागे लागत नाहीत.’ याकोबाच्या पत्रात (5:4) धनवानांना म्हटले आहे, की तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली ती ओरडत आहे. कापणाऱ्यांच्या आरोळ्यांचा उल्लेख त्यापुढे येतो. आधी ओरडते ती मजुरीच, मग ती मुदतठेवीत का असेना.

लूकच्या 12व्या अध्यायातला मूर्ख श्रीमंत माझ्याकडे तपासायला आला असता तर मी त्याला बिनशर्त प्रमाणपत्र दिले असते. त्याने कोणाला लुबाडलेले नाही, चोरी केलेली नाही. पीक भरघोस आले, कोठारे पुरेनात, मोठी बांधायची ठरवली. नियोजन उत्तम. फक्त त्याचे सगळे बोलणे स्वतःशीच चालते: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. दुसरा माणूसच नाही त्या गोष्टीत. बोलतो तो देव, आणि तोही विचारतो की आज रात्री तुझा जीव मागून घेतला तर हे कोणाचे होईल. ही गोष्ट कशावरून निघाली तेही पाहण्यासारखे आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणाला होता, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा.

‘सुईच्या नाकातून उंट’ तर सगळ्यांनाच ठाऊक आहे: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणाला. यरुशलेमेला ‘सुईचे नाक’ नावाचे एक बुटके दार होते आणि उंट गुडघ्यांवर बसून त्यातून सरपटत जात असे, हे स्पष्टीकरण अनेक उपदेशांत ऐकू येते. त्या काळी असे दार होते याला पुरावा नाही. उंट म्हणजे उंट आणि सुई म्हणजे सुई. शिष्यांनीही ते तसेच घेतले, म्हणून तर हबकून विचारले की मग कोणाचे तारण होणार? मला त्या प्रसंगात अडवते ते वेगळेच. मार्कच्या 10व्या अध्यायात हे वाक्य बोलण्याआधी येशू त्याच्याकडे आलेल्या एका श्रीमंत माणसाला आज्ञा मोजून दाखवतो: खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, आणि मग, ठकवू नको. ही ‘ठकवू नको’ दहा आज्ञांच्या यादीत या शब्दांत नाही. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात तेव्हा ती गाळतात. मार्कने ती ठेवली, आणि ठेवली ती नेमकी मोठी मालमत्ता असलेल्या माणसापुढे. त्याला सगळे विकून गरिबांना दे म्हटले, आणि त्याआधी येशूने त्याच्यावर प्रीती केली, असेही तिथेच लिहिले आहे.

सगळ्यांना मात्र सगळे विकायला सांगितलेले नाही. यरीहोचा जक्कय मुख्य जकातदार होता. येशू त्याच्या घरी गेला आणि रकमेचा विषयच काढला नाही. जक्कय आपणहून उठून म्हणाला, अर्धे गरिबांना देतो, आणि कोणाचे लुबाडून घेतले असेल तर चौपट परत करतो. आपणहून कबूल झालेल्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जादा द्यावा एवढेच मोशेचे नियमशास्त्र मागत होते. चौपट हा चोरलेले मेंढरू मारले किंवा विकले तर होणारा दंड; म्हणजे या गृहस्थाने स्वतःला सरळ चोराचे कलम लावून घेतले. उरलेल्या अर्ध्याचे काय, असे येशूने विचारले नाही.

यहूदा प्रांताचा अधिकारी नहेम्या याच्या पुस्तकाचा 5वा अध्याय आवर्जून वाचावा असा आहे. दुष्काळ, त्यात राजाचा सारा, लोकांनी शेते आणि घरे गहाण टाकलेली, पोरींना दास्यात द्यायची वेळ आलेली, आणि सावकार कोण तर त्यांचेच भाऊबंद. नहेम्या रागावतो, सभा भरवतो, पण ‘आम्हीही उसने देत आहोत’ असे म्हणून स्वतःलाही त्यात धरतो. शेते, घरे आणि व्याजाचा शंभरावा हिस्सा आजच परत करा, म्हणतो. उद्या नाही. 12 वर्षे अधिकारी असताना त्याने अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता.

आता मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणारी विधवा, कारण ती माझ्या खात्यात येते. दान वाढवायचे असले की तिला पुढे करतात. मार्कच्या 12व्या अध्यायात तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा समाचार घेतला आहे, आणि तिच्या लगेच नंतर मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही हे भाकीत येते. तिने सर्वांपेक्षा जास्त टाकले, असे येशू म्हणाला. तुम्हीही असेच टाका, असे तिथे म्हटलेले नाही. मला त्यात कौतुक आणि हळहळ दोन्ही ऐकू येतात. एखाद्या आजींच्या पाकिटात नेहमीपेक्षा मोठी नोट निघाली, तर मी ती बाजूला ठेवते आणि पाळकांना सांगते, की आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांची औषधे आणलेली आहेत का ते बघून या. काहींना हे आवडत नाही.

शेवटचा मुद्दा करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8व्या आणि 9व्या अध्यायांतला. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौल मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा करीत होता. संतोषाने देणारा देवाला आवडतो, हे वचन तिथलेच, आणि तेही सगळीकडे ऐकू येते. पण त्याआधी, 8:19 ते 21 मध्ये पौल लिहितो, की या रकमेबरोबर प्रवास करायला मंडळ्यांनी एक भाऊ निवडून दिला आहे, या मोठ्या देणगीवरून कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो, आणि केवळ प्रभूसमोर नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते करतो. देव पाहतोच आहे, हिशेब कशाला, असे त्याने म्हटले नाही. शिष्यांची थैली यहूदा इस्कर्योताकडे असे आणि तो त्यातले काढून घेई, असे योहानाने 12:6 मध्ये लिहून ठेवले आहे. येशूच्या सोबत्यांच्या बाबतीत जर हे घडू शकते, तर आम्ही दोन वेगळ्या घरांतली माणसे बसवून दान मोजतो आणि जागेवरून उठायच्या आत दोघांची सही घेतो, यात कोणी अपमान मानायचे कारण नाही.

पत्रलेखक ज्या भरभराटीच्या सभांना जातात, त्यांचा वार्षिक जमाखर्च छापलेला असेल तर त्यांनी जरूर पाठवावा. मी तो नीट वाचीन. मंडप घालणाऱ्याचे, खुर्च्या पुरवणाऱ्याचे, झाडणाऱ्यांचे पैसे कोणत्या रकान्यात आहेत ते आधी पाहीन.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापरीक्षक