सालाझारची साधी राहणी आणि आईची लग्नपत्रिका

संपादक महाशय, स. न.

रविवारच्या पुरवणीतला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं चष्माच बदलायला झालाय. साधी राहणी, लग्न केलं नाही, पैसा खाल्ला नाही, देशाला शिस्त लावली! असेल हो. कोइंब्राला अर्थशास्त्राचा प्रोफेसर होता, १९२८ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर बजेट जमवून दाखवलं, हे आम्हालाही माहितीये. पण त्याची पीडे नावाची गुप्त पोलीस काय करायची, याला तुमच्या लेखकाने जेमतेम दीड ओळ दिली आणि त्याच्या कोंबड्यांना अख्खा पॅरा.

माझं आजोळ डिचोलीचं. १९५३ ला आईचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्याच अमलाखालच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून मगच छापायची. आजोबा मजकूर घेऊन कचेरीत गेले तर तिथला कारकून विचारतो, हे 'समस्त आप्तेष्ट' म्हणजे नेमके कोण, कितीजण, आणि कशासाठी जमणार? अहो, जेवायला जमणार! तीन हेलपाटे झाले, कागद शिक्का मारून परत आला तो हळद लागली त्या दिवशी. मग छापणार कधी आणि वाटणार कधी, आजोबांनी गडी पाठवून तोंडी आमंत्रणं केली. त्यात त्यांचे थोरले साडू रुसले, मानाच्या माणसाला पत्रिका नाही, गड्याच्या तोंडी सांगावा पाठवता? लग्नाला आले नाहीत ते नाहीतच, पुढे मरेपर्यंत आजोबांशी बोलले नाहीत. आजीला सख्ख्या बहिणीला चोरून भेटावं लागायचं, देवळात. तो शिक्क्याचा कागद अजून माझ्याकडे आहे, लेखकमहाशयांना शिस्त बघायची असेल तर या म्हणावं, चहा पण देईन.

आणि ज्या गोव्यात त्याने जन्मात पाय ठेवला नाही तो त्याला सोडवत नव्हता. डिसेंबर १९६१ ला गव्हर्नरला कळवलं, जिंका नाहीतर मरा, शरण यायचं नाही. गव्हर्नर शहाणा, त्याने माणसं वाचवली, तर नंतर त्यालाच सैन्यातून काढलं. गोवामुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे १९५५ ला पकडले गेले, गोवा सुटला १९६१ ला आणि रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले १९६९ ला. लेखात त्यांचं नावही नाही!

शिवाय 'अखेरच्या श्वासापर्यंत सत्तेवर' हे तर साफ चूक. १९६८ च्या उन्हाळ्यात खुर्चीवरून पडला, डोक्याला मार, सप्टेंबरात त्याच्या जागी कायतानु आला. फक्त त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही, जुलै १९७० ला मेला तोवर आपणच पंतप्रधान आहोत अशा समजुतीत होता म्हणतात. शिस्त!

जाता जाता, गेल्या महिन्यातलं माझं रस्त्याच्या खड्ड्यांवरचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि खाली 'श्री.' छापलंत. मी श्रीमती आहे. पोर्तुगालच्या सेन्सॉरची पेन्सिल निळी असायची, तुमची कुठल्या रंगाची आहे ते एकदा कळवा. कापायचंच असेल तर खुर्चीचं कापा, साडूंचं राहू दे.

आपली,
एक जुनी वाचक, सावंतवाडी