पट्टायात भाडे आधी विचारू नये

मा. संपादक,

पुण्याहून बँकॉकला थेट विमान सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी पट्टायाचाच विषय निघतो. आपल्या पुरवणीतही थायलंडच्या किनाऱ्यांवर अधूनमधून लेख येतात. मात्र त्यांत सूर्यास्ताला जेवढी जागा मिळते तेवढी वाहनाच्या भाड्याला मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात मी, पत्नी, मेहुणी आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा असे चौघे पाच दिवस पट्टायात राहून आलो. बँकेतून निवृत्त झालो असलो तरी रोजचा खर्च वहीत टिपण्याची खोड गेलेली नाही. परतल्यावर ती वही चाळताना असे लक्षात आले की आमचे जास्तीचे पैसे जिथे जिथे गेले, तिथे बहुतेक वेळा आमचीच एखादी पुणेरी सवय आड आली होती. म्हणून हे पत्र.

पहिली सवय भाडे आधी ठरवण्याची. रिक्षात पाय ठेवण्यापूर्वी ‘किती घेणार?’ असे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पट्टायात गडद निळ्या रंगाच्या, मागे समोरासमोर दोन बाके टाकलेल्या पिकअप गाड्या फिरतात. त्यांना थाई भाषेत ‘सोंगथ्याव’, म्हणजे ‘दोन रांगा’, असे नाव आहे. आपल्या शेअर रिक्षांप्रमाणे त्या ठरलेल्या रस्त्यांवरून फिरत असतात आणि आम्ही गेलो तेव्हा शहरातल्या नेहमीच्या फेरीला माणशी दहा बाट पडत होते. परंतु चढण्यापूर्वी भाडे विचारले की चालकाचा समज होतो, हे गिऱ्हाईक अख्खी गाडी ठरवायला आले आहे. पहिल्या रात्री आम्ही विचारले आणि अडीच किलोमीटरला ३०० बाट मोजले. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रखवालदाराने हातवारे करून खरी रीत समजावली: हात दाखवावा, मागे चढून बसावे, ठिकाण जवळ आले की छताला बसवलेले बटण दाबावे, उतरून चालकाच्या खिडकीशी सुटे पैसे द्यावेत आणि काही न बोलता चालू पडावे. मेहुणीला त्या बटणाचा एवढा नाद लागला की आमचे ठिकाण यायच्या दोन गल्ल्या आधीपासूनच ती बोट वर करून बसे. दहा बाटचे नाणे आपल्या दहा रुपयांच्या नाण्यासारखेच दुरंगी असते, अशी नाणी खिशात राखून ठेवावीत.

इथे रस्त्यांची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. किनाऱ्यालगतचा बीच रोड उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेरी आहे आणि त्याला समांतर असलेला सेकंड रोड दक्षिणेकडून उत्तरेकडे. आपल्या लक्ष्मी रोड आणि कुमठेकर रोडसारखी ही जोडी आहे, एवढे लक्षात ठेवले की उत्तरेला जायचे असताना बीच रोडवर हात दाखवत उभे राहण्याची पाळी येत नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून पट्टायाला यायला साधारण दोन तास लागतात. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात न अडकता विमानतळाच्या तळमजल्यावर चौकशी केली तर पट्टायाला लागून असलेल्या जोमतियनपर्यंत जाणारी बस मिळते आणि तिचे तिकीट टॅक्सीच्या तुलनेत अगदीच किरकोळ असते.

दुसरी सवय दुचाकीची आणि ही अधिक गंभीर आहे. जन्मभर दुचाकीवर काढलेल्या पुणेकराला तिथे दर चौकात भाड्याची स्कूटर दिसते, वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हात शिवशिवतात. दुकानदार परवाना मागतोच असे नाही; तो मागत नाही म्हणजे लागत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याकडच्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा आणि त्यावर दुचाकीची नोंद हवी. तो आरटीओकडून मिळतो, त्याचे सरकारी शुल्क १,००० रुपये आहे आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. तो नसताना, किंवा हेल्मेट नसताना, अपघात झाला तर पोलिसांचा दंड ही त्यातली लहान बाब ठरते. प्रवास विम्याच्या अटींमध्ये वैध परवान्याची अट बहुधा असतेच आणि परदेशातल्या खाजगी रुग्णालयाचे बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागते. विम्याचे कागद विमानात बसल्यावर नव्हे, घरी असतानाच वाचावेत, हे मी चाळीस वर्षे खातेदारांना सांगत आलो आणि स्वतः मात्र विमानातच वाचले.

तिसऱ्या दिवशी भाच्याने किनाऱ्यावर जेट स्की घेतली. अर्ध्या तासाचे भाडे ठरले, पैसे दिले आणि अनामत म्हणून आमच्या नकळत त्याने पासपोर्टही काढून दिला. तो परत आल्यावर भाड्याने देणारा माणूस गुडघ्यावर बसला, त्याने पुढच्या टोकाखालून हात फिरवला आणि एका ओरखड्यावर अंगठा टेकवून आमच्याकडे पाहिले. ओरखड्याच्या कडा काळवंडलेल्या होत्या, आत बसलेली वाळू सुकून घट्ट झाली होती. तो त्या अर्ध्या तासातला नव्हता हे कोणालाही कळले असते. पण पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पिशवीत होता. ३०,००० बाटपासून सुरू झालेली बोलणी ८,००० वर थांबली. तुळशीबागेतल्या अनुभवामुळे तेवढ्यावर निभावले, असे पत्नीचे म्हणणे आहे. हा प्रकार तिथे जुना असून अनेक देशांच्या पर्यटकांनी त्याबद्दल तक्रारी केल्या आहेत. माझा सल्ला जेट स्की घेऊच नये असा आहे. घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी मालकासमोर यंत्राचे खालच्या बाजूसह चित्रीकरण करावे आणि पासपोर्ट कोणालाही ठेवायला देऊ नये. छायांकित प्रत दाखवावी. तेवढ्यावर जो मानत नाही त्याच्याशी व्यवहारच करू नये. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

बँकेतला माणूस म्हणून पैशांविषयी थोडे लिहितो. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढताना स्थानिक बँक दर वेळी दोनशे बाटहून अधिक शुल्क घेते, म्हणून थोडे थोडे काढण्याऐवजी हिशेब करून एकदाच काढावेत. त्यानंतर पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. रुपये दिसले की जीव भांड्यात पडतो आणि बोट ‘होय’वर जाते, पण तो दर आपल्या तोट्याचा असतो, म्हणून ‘नाही’ म्हणावे आणि व्यवहार बाटमध्येच होऊ द्यावा. हॉटेलात किंवा दुकानात कार्ड वापरतानाही हेच करावे. रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मर्यादेत नेता येते. ते बदलून घ्यायला विमानतळापेक्षा शहरातल्या चलन बदलून देणाऱ्या दुकानांत चांगला दर मिळतो.

कोह लान या बेटावर जाणार असाल तर सहल कंपनीच्या स्पीडबोटीखेरीज दुसरी सोय आहे, हे बहुतेकांना सांगितलेच जात नाही. बाली हाय धक्क्यावरून साधी प्रवासी बोट सुटते, पाऊण तासात पोहोचवते आणि आम्ही गेलो तेव्हा तिचे तिकीट माणशी ३० बाट होते. आमच्या कंपनीने याच बेटाची सहल ‘कोरल आयलंड’ या नावाने वेगळे पैसे घेऊन विकली होती आणि वाटेत एका तरंगत्या फळीवर तासभर थांबवले, जिथे पॅराशूटसाठी पैसे न देणाऱ्याने नुसते उन्हात बसायचे होते. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र धक्क्यावर उतरतानाच पाहून ठेवावी.

शाकाहारी मंडळींनी ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नये. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा द्रव किंवा कालवांचे सॉस सर्रास पडते आणि वाढणाऱ्याच्या मते तो पदार्थ भाज्यांचाच असतो. त्याऐवजी ‘जे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या झेंड्यावर तांबड्या रंगात, इंग्रजी सतरा आकड्यासारखे दिसणारे चिन्ह असेल तिथे मांस, मासे, अंडी यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या पत्नीला परक्या देशात याहून मोठा दिलासा कोणता असणार!

कायद्यांच्या बाबतीत ‘चालतंय’ हा आपला शब्द तिथे चालवू नये. ई-सिगारेट नेण्यास आणि वापरण्यास बंदी आहे. किनाऱ्यावर धूम्रपान केल्यास एक लाख बाटपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. राजघराण्याविषयी थट्टेनेही वावगे बोलू नये, कारण त्या अपराधाला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. गांजाची दुकाने राजरोस दिसतात म्हणून कोणी तो पदार्थ, गोळ्या-चॉकलेटच्या रूपातही, भारतात आणू नये. बँकॉकहून येणारे असे प्रवासी आपल्या विमानतळांवर वारंवार पकडले जात आहेत. याच कारणाने परतीच्या रांगेत कोणी ‘एवढी पिशवी धराल का?’ असे गोड बोलून विचारले, अगदी मराठीत विचारले, तरी नकार द्यावा.

शेवटी कागदपत्रांविषयी. भारतीयांना व्हिसाशिवाय किती दिवस राहता येईल, हा नियम बदलत असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांची सवलत मिळाली, जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची झाली. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यावर न विसंबता निघण्यापूर्वी थाई दूतावासाची माहिती स्वतः पाहावी. १ मे २०२५ पासून आगमनाचा डिजिटल अर्जही भरावा लागतो. तो पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत थायलंडच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. आमच्याकडून मात्र सहल कंपनीने या अर्जासाठी माणशी ७०० रुपये घेतले आणि पावतीवर ते ‘शासकीय शुल्क’ म्हणून दाखवले. ती पावती मी वहीत चिकटवून ठेवली आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे